मागच्या दाराची किल्ली

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला गेला तेव्हा मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ शेजारच्या रूममधल्या मैत्रिणीनं तपासून दिलेत, तरी ज्या चुका उरल्या असतील त्या माझ्या! त्यात विषय निवडला तोही जड... ‘आपत्ती व्यवस्थापन’. पेपरात हा प्रश्न आला की आपण सगळे दोन पानं बिनदिक्कत भरतो. व्याख्या, प्रकार, बाणांची गोल आकृती, झाले दहा मार्क.

पण आज मार्कांसाठी लिहायचं नाहीये. मला एकच प्रश्न विचारायचाय. आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मागच्या जिन्याखाली जे दार आहे, त्याची किल्ली कुणाकडे असते?

आठवत नाही ना? गेल्या फेब्रुवारीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. त्या रात्रीबद्दल सांगतेच. पण त्याआधी थोडं मागं, माझ्या घरी जावं लागेल.

मी सांगलीची. आमचं घर जुन्या गावभागात, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी नववीत होते. कृष्णेचं पाणी सांगलीकर आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं आणि ते आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीला लागून परत फिरलं होतं. आजोबांनी त्या पायरीवर खडूनं नव्हे, चक्क छिन्नीनं खूण करून ठेवली होती. पाहुणे आले की अभिमानानं दाखवायचे.

त्या वर्षी चार-पाच दिवस पाऊस थांबलाच नाही. कोयनेतून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या. गल्लीच्या टोकाला म्हशी पाळणारे एक मामा राहायचे. त्यांनी दोन दिवस आधीच सगळ्या म्हशी मिरज रोडला पाहुण्यांकडे नेऊन बांधल्या आणि जाता जाता आमच्या दारात येऊन म्हणाले, “मास्तर, औंदा पाण्याची चाल येगळी हाय. पोरंबाळं घेऊन निघा.”

आजोबा हसले. पायरीवरची खूण दाखवून म्हणाले, “दोन हजार पाचला इथंच थांबलं होतं. बघू उद्या.”

हे ‘बघू उद्या’ लक्षात ठेवा, लेखात पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री पाणी तिसरी पायरी ओलांडून उंबऱ्यात आलं. मग जी धावपळ झाली ती आठवली की आजही हसू येतं आणि रडूही. बाबांनी टीव्ही उचलला. आईनं गव्हाची कोठी ओढायला घेतली. मी काय उचललं असेल? माझी वक्तृत्व स्पर्धेची ट्रॉफी! मेन स्विच बंद करायचं कुणालाच सुचलं नाही, वीज कंपनीनं फीडर बंद केला म्हणून वाचलो. घराची कागदपत्रं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे पहिल्यांदा भिजणाऱ्या जागी. आणि आजीचं इन्सुलिन फ्रिजमध्ये राहिलं. फ्रिज सकाळपर्यंत स्वयंपाकघरात आडवा होऊन तरंगत होता.

गॅसचा सिलिंडरही तरंगत होता, तोही भरलेला! तेव्हा मला ते भुताटकीसारखं वाटलं होतं. आता हिशोब कळतो. आपला घरगुती सिलिंडर गॅससकट साधारण ३० किलोचा. त्याची आतली जागाच ३३ लिटरच्या वर. म्हणजे तो बुडाला तर ३३ किलोपेक्षा जास्त पाणी बाजूला सारणार, मग तो वर येणारच. आर्किमिडीज मी त्याच वर्षी पाठ केला होता. पण रेग्युलेटर काढून, सिलिंडर उभा दोरीनं बांधून ठेवायचा असतो, हे आर्किमिडीजच्या धड्यात नव्हतं.

आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन रात्री काढल्या. सात माणसांच्या घरात अठरा जण. पाणी ५७ फुटांवर गेलं. मोबाईल बंद पडले आणि मग कळलं की मामाचा नंबर कुणालाच पाठ नाही. बोटीतून बाहेर निघालो तेव्हा आजीला गुडघाभर घाण पाण्यातून चालावं लागलं. पायाला काहीतरी कापलं. इन्सुलिन नाही, त्यामुळे साखर वाढलेली, जखम चिघळली. महिन्याभरानं तिच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

गावात सगळे म्हणतात, पुरानं नेली. मला तसं वाटत नाही. पुरानं आम्हाला दोन अख्खे दिवस दिले होते. बोटं नेली ती आमच्या ‘बघू उद्या’नं. आणि हे मी आजोबांना दोष द्यायला लिहीत नाहीये. आम्हीही सगळे हसलोच होतो की मामांना. तरी आम्ही नशीबवान. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. पाणी चहूबाजूंनी चढल्यावर बाहेर पडायची घाई झाली आणि बोटीत मावतील त्याहून जास्त माणसं बसली होती.

आता इंजिनिअरिंगला आल्यावर मला पायरीवरच्या त्या खुणेचा फार विचार करावासा वाटतो. आजोबांची चूक काय होती? त्यांना मागचा पूर आठवत नव्हता असं नाही, उलट फारच नीट आठवत होता! मागचा आकडा हीच शेवटची हद्द, असं त्यांनी धरलं होतं.

आणि हे फक्त आजोबांचंच नाही हं. आम्हा सिव्हिलवाल्यांना भूकंपाचं ‘आय. एस. १८९३’ हे कोड शिकवतात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाच्या नकाशात लातूरचा तो भाग झोन एक मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. हजारो लोक झोपेतच गाडले गेले. पुढे २००२ मध्ये कोड सुधारलं, झोन एकच काढून टाकला आणि तो भाग झोन तीनमध्ये गेला. म्हणजे नकाशावरसुद्धा ‘इथं कधी आलं नाही’ अशी एक खूण होती. ती चुकली.

मग जुनी आठवण कामाचीच नाही का? आहे. इंडोनेशियात सिमेउलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथं त्सुनामीनं खूप माणसं मारली. त्यानंतर तिथल्या आज्या नातवंडांना गोष्टीतून, गाण्यातून एकच गोष्ट सांगत राहिल्या. जमीन जोरात हलली, समुद्र मागं हटला की डोंगराकडे पळायचं. त्यांच्या भाषेत ‘स्मोंग’. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होतं. सत्तर-ऐंशी हजारांची वस्ती, पण त्सुनामीत मेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बाजूच्या किनाऱ्यांवर मात्र लाखांत माणसं गेली.

फरक लक्षात आला? सिमेउलुएच्या आज्यांनी ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं’ हे नाही शिकवलं, ‘काय करायचं’ हे शिकवलं. आकडा चुकतो, कृती चुकत नाही. मला वाटतं, तयारी म्हणजे एवढंच.

आता येते हॉस्टेलवर.

गेल्या फेब्रुवारीत, सबमिशनच्या आठवड्यात, रात्री दीडच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमधला इलेक्ट्रिक बोर्ड पेटला. चूक कुणाची? आपलीच. एका एक्स्टेन्शनवर दोन किटल्या आणि एक इंडक्शन, रेक्टर मॅडमना न कळेल असं, हे आपण सगळ्याच करतो. आग फार मोठी नव्हती, पण प्लॅस्टिकच्या धुरानं पाच मिनिटांत पॅसेज भरला आणि लाईट गेले. सगळ्या पोरी मेन जिन्यावर. काही जणी मागच्या जिन्यानं उतरल्या. खाली दाराला कुलूप! परत वर यायचं तर जिना धुरानं भरलेला. जिना म्हणजे धुराची चिमणीच हो, धूर आधी तिथूनच वर चढतो.

किल्ली कुठे? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. ऑफिसला कुलूप. ऑफिसची किल्ली? क्लार्क सरांकडे. सर कुठे? गावात, घरी, झोपलेले! एखाद्या विनोदी एकांकिकेत शोभावं असं ना? दुसऱ्या दिवशी मेसमध्ये यावर जोक झालेही. वॉचमन काकांनी प्रसंगावधान राखून मेन स्विच पाडला, म्हणून तो फक्त जोक राहिला. मागच्या दाराशी अडकलेल्या सहा जणी खोकत खोकत पुन्हा वर येऊन मेन जिन्यानं बाहेर आल्या.

आणि मी? सांगलीची पूरग्रस्त, अनुभवी! मी लॅपटॉप आणि मोबाईल घेऊन सगळ्यांच्या आधी खाली पोचले होते. ग्राउंडवर उभी राहून थरथरत आईला फोन लावत होते. आईनं पहिला प्रश्न विचारला, “तुझी रूममेट कुठंय?”

माझी रूममेट त्या दिवशी तापानं फणफणली होती. गोळी घेऊन झोपली होती. मी उठले, लॅपटॉप उचलला, आणि तिला उठवलं नाही. मुद्दाम नाही... सुचलंच नाही. जसं फ्रिजमधलं इन्सुलिन कुणाला सुचलं नव्हतं. वॉचमन काका आणि शेवटच्या वर्षाच्या दोन ताई तोंडाला ओल्या ओढण्या बांधून वर गेल्या आणि तिला घेऊन आल्या. ती ठीक आहे. हा लेख छापायला तिनंच परवानगी दिलीय, वर म्हणाली, “ट्रॉफीनंतर लॅपटॉप, तुझी प्रगती आहे!” पण मला त्या रात्रीपासून एक गोष्ट पक्की कळली. अनुभव म्हणजे तयारी नव्हे. घाबरलेला माणूस विचार करत नाही, तो सवयीचं काहीतरी करतो. म्हणून योग्य गोष्टीची आधीच सवय करावी लागते.

ग्राउंडवर आणखी एक गोष्ट झाली. रेक्टर मॅडम विचारत होत्या, “सगळ्या आल्यात का?” आणि कुणालाच सांगता येईना. त्या रात्री किती जणी हॉस्टेलवर आणि किती जणी घरी, ते हजेरीच्या रजिस्टरमध्ये होतं. रजिस्टर ऑफिसमध्ये. पुढचं तुम्हाला माहीतच आहे!

तेव्हा मला माझ्या शाळेतल्या एका सिस्टर आठवल्या. त्या दर टर्मला फायर ड्रिल घ्यायच्या. शिट्टी वाजली की दप्तर जागेवर टाकायचं, पुढच्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवायचा, न बोलता ग्राउंडवर. मग त्या आम्हाला दोनदा मोजायच्या. आम्ही हसायचो, ‘कोंबड्या मोजतायत’ म्हणायचो. आज कळतं, त्या मोजण्यात केवढी माया होती.

आता कुलपाबद्दल. मी कुलपाच्या विरोधात नाही. ते का लावतात हे मला माहीत आहे. आमचे आई-बाबा ॲडमिशनच्या दिवशी पहिला प्रश्न ‘गेट किती वाजता बंद होतं’ हाच विचारतात. रेक्टर मॅडमवर दोनशे मुलींची जबाबदारी आहे आणि काही झालं तर सगळे त्यांनाच धरणार. पण सुरक्षा म्हणजे फक्त बाहेरच्याला आत येऊ न देणं नाही, वेळ आली तर आतल्याला बाहेर पडता येणंही आहे. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये ५९ माणसं गेली, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. २०१९ मध्ये सुरतच्या तक्षशिला इमारतीतल्या क्लासमध्ये २२ विद्यार्थी गेले, जिना जळाल्यावर दुसरी वाटच नव्हती. आपल्याच वयाची मुलं होती ती. नॅशनल बिल्डिंग कोडच्या चौथ्या भागात साफ लिहिलंय की बाहेर पडायचं दार आतल्या बाजूनं किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. हे आपल्याला याच कॉलेजमध्ये शिकवतात, सर! मग शिकवलेलं आपल्याच बिल्डिंगला लागू करूया ना?

नुसती टीका करून थांबत नाही. माझ्या मागण्या पाचच आहेत आणि एकीलाही फार पैसे लागत नाहीत.

एक, मागच्या दाराला आतून ढकललं की उघडणारा दांडा बसवावा आणि उघडताच वाजणारी बेल. म्हणजे रात्री कुणी गुपचूप बाहेर गेलं तर मॅडमना कळेल, आणि आग लागली तर किल्ली शोधावी लागणार नाही. बेलची सर्किट इलेक्ट्रॉनिक्सची मुलं मिनी प्रोजेक्टमध्ये करून देतील. ते होईपर्यंत किल्ली दाराशेजारीच काचेच्या पेटीत असावी.

दोन, ‘जोडी’. प्रत्येकीची एक जोडीदार ठरलेली. बाहेर पडताना आधी तिला हात लावायचा, मग बाकी सगळं. ज्यांचा पाय मोडलाय, ज्यांना दमा आहे, ज्या आजारी आहेत, त्यांच्यासाठी दोन जोडीदार.

तीन, रोज रात्रीच्या हजेरीची एक प्रत वॉचमन काकांच्या केबिनमध्ये. आणि जमायची जागा एकच, बास्केटबॉल कोर्ट.

चार, भिंतीवरची लाल सिलिंडरं वापरायला शिकवावीत. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, इकडून तिकडे फिरवा, एवढंच. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही, हे किती जणींना माहीत होतं त्या रात्री? एक जण बादली भरायला धावली होती!

पाच, वर्षातून दोनदा ड्रिल, त्यातलं एक रात्री आणि न सांगता. हो, झोपमोड होईल. शिव्याही घाला मला. मेसचा स्टाफ, वॉचमन काका, सफाईच्या मावशी, सगळ्यांना त्यात घ्यावं, कारण खरी वेळ आली की तेच सगळ्यात आधी पोचतात. आणि मुलांनो, हसू नका. तुमच्या हॉस्टेलच्या टेरेसचं दार कुलूपबंद आहे का, ते आज संध्याकाळी जाऊन बघा.

आता घराचं. मी घरी हा विषय काढला तेव्हा आजी म्हणाली, “बाळे, तिन्हीसांजेला अशुभ बोलू नको.” मी म्हटलं, आजी, तू मे महिन्यात पापड, कुरडया, लोणचं, सरपण सगळी पावसाळ्याची बेगमी करायचीस ना? ती अशुभ होती का? पूर्वी कंदील आणि काड्यापेटी अंधारातही हाताला लागेल अशी ठरलेल्या खुंटीवर असायची ना? म्हणजे तयारी हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. बेगमी हा आपलाच शब्द आहे. आपण फक्त ती सवय विसरलो.

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की एक तास काढा. आई-बाबांचे, मामाचे, डॉक्टरांचे नंबर आणि ११२, तसंच जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७, हे कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. दुसऱ्या गावातला एक नातेवाईक ठरवा, चुकामूक झाली तर सगळ्यांनी त्याला कळवायचं. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. घरात कुणाची रोजची औषधं असतील तर आठवड्याची जास्तीची, डॉक्टरांना विचारून. मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही बंद करता आला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, कुणाला चालता येत नाही, त्यांना कुणी न्यायचं, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवा. आमच्याकडे पहिली मदत बोटीनं आली नाही, जिन्यावरून आली होती. वरच्या काकूंनी दार उघडलं म्हणून आम्ही आहोत.

२०२३ मध्ये सरकारनं मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली होती, आठवतं? फोन एकदम किंचाळला, आपण दचकलो, स्क्रीनशॉट काढून स्टेटस ठेवलं आणि विसरलो. उद्या तो खरोखर किंचाळेल तेव्हा फोनचं काम झालेलं असेल. पुढचं आपलं.

आजोबांनी २०१९ नंतर भिंतीवर पाण्याची नवी खूण केली. पायरीवरच्या जुन्या खुणेपेक्षा ती कितीतरी वर आहे. २०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा मला वाटलं, आता खूण बघायला जाणार. पण त्यांनी खुणेकडे पाहिलंही नाही. ४० फुटांची बातमी आली तशी आजीची औषधांची पिशवी हातात घेतली, मेन स्विच पाडला आणि म्हणाले, “चला. म्हशीवाल्या मामाला पण हाक मारा.”

मामा केव्हाच गेले होते.

असो. लेख लांबला, पण किल्लीचा प्रश्न अजून तिथंच आहे. हा अंक हातात पडेल तेव्हा मागच्या दारापर्यंत एकदा चालत जा. किल्ली दिसली तर मला येऊन सांगा, मी चहा पाजीन. नाही दिसली तर आपण सगळ्या मिळून ऑफिसात जाऊ.

पण उद्या नको... आजच!

– एक विद्यार्थिनी, टी. ई. (सिव्हिल), लेडीज हॉस्टेल